भिडेखातर

काचीगुड्याच्या वळणावर रिक्षा खड्ड्यात आदळली आणि अनंतरावांच्या मांडीवरची पेटी पुढे घसरली. तिला धरायला त्यांनी दोन्ही हात टाकले, पण हात लाकडाऐवजी भात्यावर पडले, आणि जुनं कातडं फाटल्याचं कानांच्या आधी तळहातांना कळलं. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. "कुछ टूट्या क्या साब?" "नै नै, कुछ नै," अनंतराव म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. चूक रिक्षावाल्याची होती, तो एका हाताने फोन कानाला लावून मेव्हण्याशी भांडत होता. पण तसं म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडायची वेळ आली की अनंतरावांच्या मनात आधी समोरच्याची अडचण उभी राहायची. बिचाऱ्याला वाईट वाटेल. वाद होईल. लोक बघतील. एकाहत्तर वर्षांत त्यांनी अशी किती वाक्यं गिळली असतील याचा हिशेब नव्हता. फाटलेल्या जागेवर तळहात दाबून ते तसेच बेगम बाजारापर्यंत बसून राहिले. हात काढला तर आतली हवा निघून जाईल, असं काहीतरी वेड्यासारखं त्यांना वाटत होतं.

पेटी तशी किरकोळ कामासाठी निघाली होती. पंचमाची एक पट्टी अडकत होती, तासाभराचं काम. बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या, पेट्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मियाँनी पेटी उलटी केली, भात्यात बोट घातलं आणि ते दुसऱ्या बाजूने बाहेर काढून दाखवलं. "ये तो गया साब. चमडा पूरा नवा डालना पडता. दस दिन." अनंतरावांनी विचारलं, उद्या सकाळपर्यंत काही तात्पुरतं? "कल? कल तो इतवार है. नक्को बोलो जी. आप गाने में जल्दी करते, चमडा सूखने में जल्दी नै करता." शेजारी बसलेला माणूस हसला, अनंतरावही हसले. मग ते बाहेर आले आणि मिरच्यांच्या पोत्यांपाशी उभे राहिले. मिरचीचा खाट उठला होता, जो तो शिंकत होता. आपले हात रिकामे आहेत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. उद्या महिन्याचा पहिला रविवार, उद्या प्रभुभोजन, आणि उद्या पेटी नाही.

म्हणजे उद्या त्यांना बाकावर बसावं लागणार होतं, बायकोच्या, निर्मलाबाईंच्या शेजारी, सगळ्यांसारखं. प्रभुभोजनाच्या वेळी एकेक बाक उठतो, लोक रांगेने वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट घेऊन परत येतात. तेवढा वेळ पेटी हळू वाजत राहते. वाजवणारा उठत नाही. त्याने कसं उठावं? एकोणीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, त्या वेळचे पाळक शेवटी ताट घेऊन त्यांच्याजवळ आले होते, तेव्हा अनंतरावांनी हात पट्ट्यांवरच ठेवून नुसती मान हलवली होती: नंतर. ते नंतर कधी आलं नाही. पाळकांना वाटलं, मागच्या वेस्ट्रीच्या खोलीत घेत असतील. वेस्ट्रीतल्या सेवकाला वाटलं, पाळक देत असतील. त्यानंतर तीन पाळक बदलले आणि प्रत्येकाने जाताना नव्याला सांगितलं असावं की पेटीवाल्या काकांचं ते वेगळं असतं. एकोणीस वर्षं त्या प्याल्याला त्यांचे ओठ लागले नव्हते, आणि हे जगात कुणालाही माहीत नाही असं ते समजून होते. पेटी त्यांनी हौसेने घेतली असंच सगळे म्हणत. मुलगी गेली, बिचाऱ्याने गाण्यात मन गुंतवलं.

त्यांची मंडळी लहान, मराठी उपासना करणारी पन्नासएक घरं. बहुतेकांचे आजे-पणजे निजामाच्या वेळी जालन्याकडच्या खेड्यांतून रेल्वेच्या, नाहीतर मिशनच्या शाळांच्या नोकरीसाठी हैदराबादला आलेले. येताना त्यांनी एक रीत बरोबर आणली होती, ती दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये नाही. त्या पणज्यांना गावच्या आडात पोहरा टाकायची मुभा नव्हती. वरून कुणी ओंजळीत ओतलं तर ते प्यायचं. त्यांच्यातल्याच एका जुन्या उपदेशकाने नियम घातला, की प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने दुखावलेल्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं. दुखावलेल्याने आपल्या घरच्या पेल्यातून, आपल्या हाताने ते द्यायचं. पाणी दिलं की क्षमा झाली. बोलायचं काही नाही. देता येत नसेल तर 'आज नाही' एवढंच म्हणायचं. त्यात कमीपणा नाही, मागणाऱ्याने पुढच्या महिन्यात पुन्हा यावं. मात्र ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे, किंवा ज्याने केलेली चूक अजून पोटात आहे, त्याने मेजाजवळ जाऊ नये. प्रभूने आपल्याला एवढं सोडून दिलं, तर आपण दुसऱ्याला न सोडता कुठल्या तोंडाने तो घोट घ्यायचा, असं तो उपदेशक विचारी. अनंतरावांचे वडील हे सांगताना आवाज खाली आणत. लहानपणी अनंतरावांना ही रीत फार आवडायची. बोलावं लागत नाही म्हणून.

एकोणीस वर्षांपूर्वी हिम्मतराव त्यांच्या दारात आले तोही असाच शनिवार. मुलीला, प्रियाला जाऊन दहा आठवडे झाले होते. हिम्मतराव मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंचांतले एक, उंचापुरा माणूस, प्रार्थनेला उभे राहिले की खिडकीची तावदानं थरथरायची. त्यांच्या मागे पाळक होते, आणि जिन्यात, जिन्याखाली, रस्त्यापर्यंत मंडळीतली माणसं. "अनंता, पाणी दे रे," हिम्मतराव म्हणाले, आणि तो मोठा आवाज मधेच फाटला. निर्मलाबाई आतल्या दारात होत्या, त्या पुढे आल्या नाहीत. 'आज नाही' हे दोन शब्द अनंतरावांच्या जिभेवर होते. अगदी टोकावर. पण जिन्यात एक म्हातारी कठडा धरून उभी होती, तिचे गुडघे दुखत असणार. पाळकांच्या कपाळावर घाम होता. चाळीस-पन्नास डोळे त्यांच्या हाताकडे लागले होते. एवढी माणसं आली आहेत, त्यांना कसं परत पाठवायचं? त्यांनी आत जाऊन पेला भरला आणि आणून दिला. कुणीतरी स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्या दिवशी उपदेशात त्यांचं नाव आलं, आणि पुढे येतच राहिलं. 'आपल्या मंडळीतच एक बाप आहे, बंधूंनो.' दर पाळकागणिक गोष्ट वाढत गेली. आताच्या गोष्टीत अनंतराव हिम्मतरावांना मिठी मारून रडतात. ती चालू असताना ते पट्ट्यांवर मान खाली घालून बसत, आणि लोकांना तो नम्रपणा वाटे.

अफझलगंजच्या बाजूला चालता चालता त्यांनी पाळकांना फोन लावला. प्रशांत पाळक तरुण, उत्साही. "भाता फाटला? काही हरकत नाही काका! बिनपेटीचं गाऊ. तुम्ही एकदा तरी काकूंच्या शेजारी निवांत बसा ना. आणि ऐका, चांगली बातमी. हिम्मतदादांना उद्या व्हीलचेअरवर आणतायत. दोन वर्षांनी येतायत! त्यांचा निरोप काय माहितीये? माझी खुर्ची अनंताच्या पेटीपाशी लावा म्हणे. आता बाकापाशी लावू. काका? ऐकताय ना? मी तर म्हणतो, मंडळीला हे नुसतं दिसलं तरी पुरे, उपदेशाची गरजच नाही." "हो हो," अनंतराव म्हणाले. "चांगलंच आहे."

फोन खिशात टाकून ते चालत राहिले. उद्या हिम्मतराव शेजारी असतील. प्याला येईल. न घ्यावा तर सगळी मंडळी बघेल आणि त्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला शेवटच्या दिवसांत कळेल की ज्या पाण्यावर तो एकोणीस वर्षं विसंबला ते पाणी खोटं होतं. घ्यावा तर... घ्यावा तर काय, याच्यापुढे त्यांचा विचार जात नसे. तिथे एक जागा होती, तिला वळसा घालून जायची त्यांच्या मनाला सवय झाली होती. ती जागा म्हणजे तो गुरुवार. सोमवारपासून प्रियाला ताप. एकोणीस वर्षांची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, तापातही केस विंचरून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, डासांचा ताप दिसतो, रक्त तपासा, वाटलं तर ॲडमिट करा. निर्मलाबाई म्हणाल्या, एक दिवस प्रार्थना करू, मग बघू. हिम्मतरावांना बोलावलं. बुधवारी पुढच्या खोलीत वीस माणसं होती, गुरुवारी तीस. अनंतराव तेव्हा जामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. गुरुवारी सकाळी ते तासभर कॉलेजात गेले आणि वैद्यकाच्या कपाटातलं एक जाड पुस्तक काढून उभ्याउभ्याच वाचलं. दुपारी घरी आले तेव्हा ताप उतरला होता. तीस माणसं मोठ्याने गात होती. ऐकलं, प्रभूने ऐकलं! निर्मलाबाई त्यांचा हात धरून रडल्या. आणि त्यांना मात्र ते पान दिसत होतं, डाव्या हाताचं, वरून तिसरा परिच्छेद: या आजारात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. मग काय झालं? इथे ती जागा येई आणि मन वळसा घाली. मग शुक्रवार. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात नेलं, दुपारी तीनला सगळं संपलं. यंदा तिच्या नसण्याला तिच्या असण्याइतकी वर्षं झाली.

दर वर्षी त्या दिवशी निर्मलाबाई तिच्या फोटोला हार घालत नसत, त्यांच्यात ते नाही. त्या नुसत्या फोटो पुसत आणि एकच वाक्य बोलत. "मीच म्हटलं होतं, अजून एक दिवस थांबू." आणि अनंतराव दर वर्षी म्हणत, "जाऊ दे. आता काय त्याचं."

बरकतपुऱ्याला हिम्मतरावांच्या मुलाचा फ्लॅट होता. आपण तिकडे चाललो आहोत हे अनंतरावांना नारायणगुड्याच्या पुढे कळलं. सांगून टाकायचं. उद्या सगळ्यांदेखत कळण्यापेक्षा आज एकट्याने सांगायचं, की दादा, ते पाणी मी भिडेखातर दिलं. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर सून त्रिवेणीने दार उघडलं. "अरे काका! या ना. चपला रहने दो, असू द्या आतच. पप्पा जागेच आहेत. पण जास्त बोलायला लावू नका हां, डॉक्टर मना केलेत."

"कोण? पेटीवाला का?" आतून आवाज आला. तो आवाज आता बारीक झाला होता, पण त्यातली हुकमत गेली नव्हती.

"मी अनंत, दादा."

"तेच म्हटलं मी. पेटी कुठंय?"

"भाता फाटला."

"फाटू दे. माझाही फाटलाय." हिम्मतराव छातीवर हात मारून हसले आणि हसता हसता खोकले.

"पप्पा!" त्रिवेणी म्हणाली.

"ही मला मुकं करूनच वर धाडणार. जा गं, चहा टाक. अनंताला साखर कमी. बरोबर ना रे? बघ, सगळं ध्यानात आहे."

ती गेली. पलंगाशेजारच्या खुर्चीवर औषधांच्या पिशव्या होत्या, त्या उचलून कुठे ठेवाव्यात हे न कळून अनंतराव पिशव्या मांडीवर घेऊनच बसले. हिम्मतरावांच्या हाताची कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या निळ्या शिरा मोजता आल्या असत्या. अशा माणसाला काय सांगायचं? उठावं, चहा प्यावा, जावं. "दादा," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना लांबून ऐकू आला, "तुम्ही पाणी मागायला आला होतात. तेव्हा मी जे दिलं... ते मनातून नव्हतं. सगळे उभे होते. ते भिडेखातर दिलं."

हिम्मतरावांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. पंखा फिरत होता. "मला वाटलं, तू बोलायच्या आधी मीच जाणार."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या बाकावर बसायचो मी, अनंता. समोरच पेटी. एवढी वर्षं काय बघत होतो? सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात तेव्हा मी उघडे ठेवायचो. प्याला कधी तुझ्यापर्यंत आला नाही."

"मग उद्या माझ्याजवळ खुर्ची कशाला लावायला सांगितलीत?"

"म्हटलं, जायच्या आधी ताट तुझ्या पुढ्यात धरायला लावावं. बघू, काय करतो."

अनंतराव मांडीवरच्या पिशव्यांकडे बघत होते. एका पिशवीवर कुठल्याशा औषधाच्या दुकानाचं नाव होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं. मग जे विचारायला आपण आलो नव्हतो तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "दादा, मंडळीच्या वडिलांच्या सभेत तुम्ही खोटं का बोललात?"

आणि आता वळसा घालायला वाट उरली नाही. गुरुवारची दुपार, चारचा सुमार. पुढे गाणं चाललेलं. हिम्मतरावांनी त्यांना दंडाला धरून मागच्या दारी मोरीपाशी नेलं होतं. तिथे प्रियाची ओढणी दोरीवर वाळत होती. तो खणखणीत माणूस तिथे पुटपुटत होता. "अनंता, ताप उतरला खरा. पण पोरीचे हात गार लागतात रे. मला भीती वाटते. तू वाचणारा माणूस. न्यायचं का? तू नुसतं हो म्हण, मी आत जाऊन सगळ्यांना थांबवतो." डाव्या हाताचं पान. वरून तिसरा परिच्छेद. पुढच्या खोलीत तीस माणसं आनंदाने टाळ्या वाजवत होती, निर्मला चार दिवसांनी पहिल्यांदा हसली होती, आणि या सगळ्यांच्या मधून जाऊन, त्यांचं गाणं तोडून, रिक्षा बोलवायची. त्यांना म्हणायचं की तुमचा देव चुकला. आणि आपण चुकलो तर? एक पान वाचून कुणी डॉक्टर होतो का? "तुम्ही म्हणाल तसं, दादा," अनंतराव म्हणाले होते. एवढंच. ते नेहमी सगळ्यांना हेच म्हणत. दोन आठवड्यांनी सभेत पाळकांनी हिम्मतरावांना उभं केलं आणि विचारलं, तुम्ही मुलीच्या बापाला विचारलं नाहीत? भिंतीकडेच्या बाकावर अनंतराव बसले होते. हिम्मतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "नाही," ते म्हणाले, "कुणालाच विचारलं नाही. माझाच हट्ट." आणि अनंतराव आपल्या चपलांच्या अंगठ्याकडे बघत बसून राहिले.

"का बोललो?" हिम्मतरावांनी डोळे उघडले. "तुझ्यापाशी काय उरलं होतं रे? पोरगी गेली होती. निर्मलाबाई तेवढी होती. खरं बोललो असतो तर तीही गेली असती. आणि हट्ट माझाच होता ना पहिल्यापासून. दोन दिवस मीच घुमत होतो. थोडं तुझं माझ्यात घातलं, कुणाला काय कळतं."

"मला त्याचाच राग आला, दादा." अनंतरावांना हे बोलताना कळत होतं, आधी कळलं नव्हतं. "तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही मला वाचवलंत. तेच मला सोडवत नाही."

"आता सुटलं?"

इतकी वर्षं जिथे त्या माणसाविषयीचा राग जपून ठेवला होता तिथे अनंतरावांनी चाचपून पाहिलं, आणि तिथे हा म्हातारा नव्हताच. मोरीपाशी उभा असलेला, चष्मा लावलेला, बावन्न वर्षांचा एक माणूस तेवढा होता. त्यांनी हिम्मतरावांचा गार हात आपल्या हातात घेतला. उठून, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या ओठांना लावलं. हिम्मतराव दोन घोट प्याले, थोडं हनुवटीवरून सांडलं, ते अनंतरावांनी आपल्या रुमालाने पुसलं.

"आणि तुम्ही, दादा? तुम्ही मला..."

"ते केव्हाच झालं. सभेत बसलो तेव्हाच. माझ्यापाशी तुझ्या नावावर काही नाही." मग त्यांनी मान वळवून पुरतं पाहिलं. "निर्मलाबाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतोस?"

त्रिवेणी चहा घेऊन आली तेव्हा अनंतराव दारात चपला शोधत होते. "अहो काका, चाय?" "पिऊ दे ना त्याला घरी," हिम्मतराव आतून म्हणाले.

बरकतपुऱ्यापासून घर वीस मिनिटांवर. ती वीस मिनिटं त्यांना आठवत नाहीत. एवढंच आठवतं, की एका शाळेच्या भिंतीपाशी थांबून त्यांनी पहिलं वाक्य ठरवलं आणि घरात पाय टाकताच ते वाक्य गेलं. निर्मलाबाई उद्याची पांढरी साडी इस्त्री करत होत्या. "झाली का हो दुरुस्त?" त्यांनी विचारलं, वर न बघता. "मला वाटलंच, तो मियाँ आज देणार नाही. उद्या मग बसा माझ्याजवळ. पोरं हसतील, नवरा-नवरी बसलेत म्हणून." त्या खुशीत होत्या. अनंतरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यात काही क्रम नव्हता. आधी ओढणी आली, मग पुस्तक, मग मोरी, मग सभा. सांगताना ते साडीच्या काठाकडे बघत होते, म्हणून इस्त्री एकाच जागी थांबल्याचं त्यांना दिसलं, आणि कापड करपायच्या आधी निर्मलाबाईंनी ती उचलून उभी केली तेही दिसलं.

मग निर्मलाबाईंनी विचारलं, "त्या पानावर तसं लिहिलंच होतं?"

"हो."

"तुम्ही वाचलं होतं. सकाळी."

"हो."

"आणि मी दुपारी तुमचा हात धरून म्हटलं, बघा, उतरला ताप."

अनंतरावांनी मान हलवली.

"हिम्मतदादांचं काही नाही हो. ते देवाच्या भरात होते. मीही होते." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं, असं अनंतरावांना वाटत होतं. "घाबरलात, बोलला नाहीत, तेही मी समजू शकते. तुम्हाला मी ओळखत नाही का? दूधवाल्याला दूध पातळ आहे म्हणून सांगायचं तरी तुम्ही मला पुढे करता. पण मी दर वर्षी तो फोटो पुसताना म्हणत होते, माझ्यामुळे झालं. एकोणीस वेळा म्हटलं. आणि तुम्ही काय म्हणायचात? जाऊ दे. जाऊ दे, आता काय त्याचं." त्या थांबल्या. "मला वाटायचं, तुम्ही मला माफ करताय. मी मंडळीत बायकांना सांगायचे, आमच्या ह्यांचं मन फार मोठं आहे."

त्यांनी साडीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. अनंतराव पाऊलभर मागे गेले, उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याच्या तोंडाशी. शनिवार अजून संपलेला नव्हता. आपल्याच घराच्या दारात उभं राहायला त्यांना लाज वाटत होती. समोरच्या तेलुगू बिऱ्हाडाचं दार उघडं होतं आणि ती बाई भाजी निवडत इकडेच बघत होती. तरी ते हटले नाहीत. "निर्मला," ते म्हणाले, "पाणी देतेस?"

त्या माठापाशी गेल्या. पेला हातात घेतला, त्यात ओगराळ्याने पाणी ओतलं, आणि पेला भरल्यावर तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. खांदे हलत होते. मग त्यांनी ते पाणी सावकाश परत माठात ओतलं, थेंबही सांडू न देता, आणि माठावर झाकण ठेवलं.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं होत नाही हो. आज नाही."

"बरं," अनंतराव म्हणाले.

रविवारी ते दोघं तिसऱ्या बाकावर बसले. निर्मलाबाईंच्या पांढऱ्या साडीवर मांडीपाशी इस्त्रीची फिकट पिवळी खूण राहिली होती, ती त्यांनी पदराने झाकली होती. सकाळपासून दोघांत चहापुरतं बोलणं झालं होतं. प्रशांत पाळकांनी उपदेशात ती गोष्ट सांगितलीच, मिठीसकट. आणि अनंतरावांना पहिल्यांदा मान खाली घालायला पट्ट्या नव्हत्या, म्हणून ते समोर बघत राहिले. बाकाच्या टोकाला व्हीलचेअरवर हिम्मतराव होते. त्यांनी एकदा अनंतरावांकडे पाहिलं, मग पलीकडे निर्मलाबाईंकडे, आणि त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पेटीवाचून गाणं घसरत होतं. जो तो आपल्या सुरात, बायका वर, पुरुष खाली, आणि मधे कुणीच नाही. पाळक ताट घेऊन आधी हिम्मतरावांपाशी आले. त्यांनी दोन्ही हातांनी प्याला धरला, घोट घेतला. मग तिसऱ्या बाकाला उठायची खूण झाली.

आतल्या बाजूचे सहाजण उठले. निर्मलाबाई उठल्या नाहीत. जन्मात त्यांनी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. बाळंतपणानंतर तेराव्या दिवशीही त्या आल्या होत्या. अनंतरावही उठले नाहीत. हिम्मतरावांविषयी आता त्यांच्या मनात काही नव्हतं, तेवढ्यावर जाता आलं असतं. पण जिने क्षमा करायची ती शेजारी बसून होती आणि तिने अजून केली नव्हती, आणि खोटी तर तिने मुळीच केली नव्हती. पाळकांची खूण हवेतच राहिली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. चाळीस-पन्नास डोळे पाठीवर टोचत होते, जिन्यात टोचले होते तसेच, आणि अनंतराव बसून राहिले.

"काका, जरा..." आतला एकजण म्हणाला. बाक अरुंद होता. निर्मलाबाईंनी पदर आवरून गुडघे एका बाजूला वळवले. अनंतरावांनीही वळवले, त्याच बाजूला. माणसं त्यांच्या गुडघ्यांना घासत, माफ करा, माफ करा म्हणत बाहेर पडली. मग बाकावर ते दोघंच राहिले, आणि त्यांच्यामधली वीतभर मोकळी जागा. थोड्या वेळाने माणसं ओठ पुसत परत आली, तेव्हा दोघांनी पुन्हा गुडघे वळवले.